लडाखसाठी कॅम्पर स्वतः बांधताना : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्तीनंतर लडाख आणि स्पितीला स्वतःच्या कॅम्परने (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने) जाणार आहोत. फोर बाय फोर पिकअपचा हौदा काढून त्या जागी खोली बांधायची आहे. कायमचा पलंग, शॉवर, संडास, दोनशे लिटर पाणी, फ्रिज आणि एसी अशी यादी झाली आहे. काही राहिले का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रत्येक वस्तूसमोर तिचे वजन लिहायचे राहिले आहे. गाडीच्या कागदपत्रांत रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातल्या फरकातच खोलीपासून तुमच्यापर्यंत सगळे बसवावे लागते. समजा, हा फरक १,००० किलो आहे. सँडविच पॅनेलची (दोन पातळ थरांमध्ये फोम असलेल्या फळ्यांची) खोली दारे-खिडक्यांसह ३५०, सबफ्रेम (खोलीखालची आधाराची चौकट) ८०, लाकूडकाम १२०, बॅटरी, सोलर आणि वायरिंग ६०, फ्रिज, हीटर आणि शेगडी ५०, कपडे, शिधा, भांडी आणि हत्यारे १५०, जादा चाक, जॅक आणि रुतलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्या ६०, तुम्ही दोघे १४० आणि पाणी अवघे १०० लिटर धरले तरी बेरीज १,११० किलो होते. म्हणजे शॉवर, संडास आणि एसी चढण्यापूर्वीच गाडी ११० किलोंनी जड झाली.

एसी प्रथम खोडावा. शॉवरची खोली खोडताना जिवावर येते हे मला ठाऊक आहे, परंतु मागच्या दाराजवळ बाहेरून एक नळ काढला आणि बादली-तांब्यावर भागवले, तर वजनही वाचते आणि जागाही. शंभर लिटर पाणी दोघांना काटकसरीने पाच-सहा दिवस पुरते, आणि या वाटांवर त्याआधी ते भरून मिळते.

वजन किती याच्याइतकेच ते कुठे ठेवले यालाही महत्त्व आहे. माझ्या पहिल्या गाडीत मी पाण्याची टाकी पलंगाखाली, मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे बसवली होती. टाकीत १२० लिटर पाणी होते आणि पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर. त्यामुळे पुढच्या चाकांवरचा ४० किलो भार उचलला गेला आणि मागच्या एक्सलवर १६० किलो पडला. मनालीहून लेहला जाताना गाटा लूप्सच्या २१ वळणांवर स्टिअरिंग इतके हलके लागत होते की प्रत्येक वळणाला पोटात गोळा येई. टाकी आणि बॅटरी दोन्ही एक्सलच्या मध्ये, जितक्या खाली बसवता येतील तितक्या बसवाव्यात.

सांगाडा उभा राहिल्यावर एकदा आणि सर्व काम झाल्यावर टाक्या भरून पुन्हा एकदा गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी, आणि दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. साखर कारखान्याच्या काट्यावर गेलात, तर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत तासभर जाईल, तो जाऊ द्यावा.

हौदा काढण्याचा बेत मात्र तूर्त थांबवावा. त्याचे कारण गोव्याच्या वाचकाला दिलेल्या उत्तरात आहे.

प्रश्न : माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. ट्रकच्या मोकळ्या चासीवर खोली बांधताना तिचा तळ सगळीकडून वेल्ड केला, तर काम सर्वांत मजबूत होणार नाही का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : होणार नाही, उलट ते लवकर तुटेल. शिडीच्या आकाराची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, खडबडीत वाटेवर पिळली जावी अशाच बेताने बनवलेली असते, कारण त्या पिळीमुळे चारही चाकांची जमिनीवरची पकड टिकते. तुमच्या खोलीची पेटी मात्र सहा बाजूंनी बंद असल्यामुळे पिळली जात नाही. दोघींना जखडून टाकले की आधी कोपऱ्यांतले सीलंट फाटते, मग खिडक्यांच्या चौकटी सुटतात, आणि बऱ्याचदा केबिनच्या लगेच मागे चासीलाच तडा जातो.

ही पीळ तुम्ही वर्कशॉपच्या अंगणातच पाहू शकाल. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक लाकडी ओंडक्यांवर चढवावे, केबिनच्या पाठीवर आणि चासीच्या मागच्या टोकाला एकेक सरळ पट्टी आडवी बांधावी आणि मागे उभे राहून दोन्ही पट्ट्या एका नजरेत पाहाव्यात. सपाट जमिनीवर समांतर दिसणाऱ्या त्या पट्ट्या आता एकमेकींना छेदताना दिसतील. पेटी आणि चासी यांच्यामध्ये तेवढी हालचाल मोकळी राहिली पाहिजे.

त्यासाठी पेटीखाली स्वतंत्र सबफ्रेम करावी. ती मागच्या बाजूला चासीशी पक्की असावी आणि पुढच्या बाजूला स्प्रिंग घातलेल्या लांब बोल्टांवर असावी, म्हणजे चासी पिळली की ती तिथे किंचित उचलली जाऊन परत बसेल. युनिमॉगसारख्या फार पिळणाऱ्या गाड्यांवर तीन किंवा चार बिंदूंवर तोललेली, मध्ये खीळ असलेली सबफ्रेम घालतात. तुमच्या आकाराला स्प्रिंगची पद्धत पुरेशी आहे. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नये आणि वेल्डिंगचा रॉडही लावू नये.

प्रश्न : स्वयंपाक, ऊब आणि वीज यांसाठी गॅस, डिझेल आणि लिथियम यांची सांगड कशी घालावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होण्याचे थांबते, त्यामुळे पहाटे सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मलूल होते. सिलिंडरचा कप्पा खोलीपासून हवाबंद असावा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारे भोक असावे, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो. इंडक्शनचा मोह झाल्यास एवढे ध्यानात घ्यावे की १,५०० वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून १३० अँपिअरच्या आसपास ओढते. शेगडी कोणतीही असो, कुकर हवाच. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळते आणि उघड्या पातेल्यातली तुरीची डाळ तासाभराने पाहिली तरी दाताखाली कचकचते.

उबेसाठी डिझेल हीटर उत्तम, परंतु विरळ हवेत त्याला प्राणवायू कमी पडतो आणि जळणकक्षात काजळी धरते. उंचीप्रमाणे डिझेलचा पुरवठा कमी करणारी सोय असलेलाच हीटर घ्यावा, आणि रात्रभर मंद चालवल्यावर सकाळी बंद करण्यापूर्वी पंधरा मिनिटे पूर्ण ताकदीने चालवावा. धुराची नळी खिडकीपासून दूर काढावी आणि उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. याबाबत काटकसर करू नये.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली वीज देते, परंतु शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. लडाखात सकाळचे ऊन पडताच सोलर चार्जिंग सुरू करते आणि तेव्हा बॅटरी गारठलेलीच असते. म्हणून ती खोलीच्या आत, उबेच्या बाजूला ठेवावी आणि थंडीत चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) तिच्यात आहे याची खात्री करून घ्यावी. फ्रिज, दिवे, पंप आणि हीटरचा पंखा यांना २०० अँपिअर-तासांची बॅटरी आणि छतावर ४०० वॅट पुरतात.

प्रश्न : हीच गाडी पावसाळ्यात कोकणात चालेल का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : चालेल; मात्र तिथे शत्रू थंडी नसून दमट हवा आहे. छताला दोन्ही दिशांनी फिरणारा पंखा, गादीखाली हवा खेळेल अशी फळ्यांची जाळी आणि खाऱ्या हवेसाठी स्टेनलेसचे नट-बोल्ट एवढे करावे. प्लायवूड मरीनच घ्यावे.

प्रश्न : आरटीओची परवानगी काम झाल्यावर घेतली तर चालते का? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले आहे. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्या वाटेने जायचे असेल, तर नुसती चासी विकत घेऊन मान्यताप्राप्त बॉडीबिल्डरकडून काम करून घ्यावे.

पिकअपवाल्यांना मी वेगळा सल्ला देतो. हौदा जागेवर ठेवावा आणि त्यात चार पायांवर उभी राहणारी, उतरवता येणारी पेटी टर्नबकलने (फिरवून ताणायच्या आकड्याने) आवळावी. गाडीची मूळ रचना अशाने बदलत नाही. तरीही आराखडा आरटीओला आधी दाखवावा, कारण उंची, रुंदी आणि वजन यांच्या मर्यादा लागूच राहतात. मुक्कामी पेटी पायांवर उभी करून मोकळी गाडी डिझेल आणायला नेता येते. गाडी पेटीखालून पुढे काढण्यापूर्वी वायरिंगचा प्लग तेवढा हाताने काढावा. ओढून उखडलेला तो प्लग मी दोनदा नव्याने जोडला आहे.