तैवानचे हौ यू-ई आणि तुमच्या लेकीचा प्रश्न

नमस्कार ताई,

अकरावी सायन्सला असलेली तुमची लेक तैवानच्या हौ यू-ई यांच्याविषयी वाचून म्हणते, ‘मलाही असंच पोलीस अधिकारी व्हायचंय.’ हे खूळ आहे की वाट, असं तुम्ही विचारलंय. वाट आहे, पण ती कशी आहे हे तिला आधी नीट सांगा.

हौ यांचे वडील च्यायी भागातल्या बाजारात डुकराचं मांस विकायचे. हौ तैवानच्या केंद्रीय पोलीस विद्यापीठात शिकले. तिथे शिकण्याचा खर्च सरकार करतं, बदल्यात नोकरी करावी लागते. तिथून बाहेर पडणारा विद्यार्थी पात्रता परीक्षा देऊन थेट अधिकारी म्हणून रुजू होतो. हौ गुन्हे तपासात शिरले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले. नोकरी सांभाळून त्यांनी डॉक्टरेटही केली. १९९७ मध्ये तैपेईत एका फरार गुन्हेगाराने दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी प्रतिनिधीचं कुटुंब ओलीस धरलं, तेव्हा घरात जाऊन जखमींना बाहेर आणणारे हेच. २००६ मध्ये ते राष्ट्रीय पोलीस दलाचे प्रमुख झाले, पुढे नवतैपेईचे महापौर झाले आणि २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले.

पण लेकीला १९८९ ची घटनाही वाचायला लावा. संपादक चंग नान-रुंग यांच्यावर राजद्रोहाचा आरोप होता. ७ एप्रिलला त्यांना अटक करायला गेलेल्या पथकाचं नेतृत्व हौ करत होते. चंग यांनी कार्यालयातच स्वतःला पेटवून घेतलं. आज तैवानमध्ये तो दिवस अभिव्यक्ती स्वातंत्र्य दिन म्हणून पाळतात, आणि हौ यांना निवडणुकीच्या प्रचारातही त्याबद्दल जाब विचारला गेला. वरून आलेला आदेश पाळला तरी त्याचं उत्तर पुढे आपल्यालाच द्यावं लागतं. या खात्यात येणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतेय.

तैवानच्या पोलिसात जायला तिथलं नागरिकत्व लागतं, त्यामुळे तिला इथलीच वाट धरावी लागेल. आपल्याकडे कोणत्याही शाखेची पदवी घेऊन यूपीएससीतून आयपीएस होता येतं किंवा एमपीएससीतून पीएसआय. सायन्स सोडू नका. तपासाची ओढ टिकली तर पदवीला न्यायवैद्यक विज्ञान किंवा मानसशास्त्र घेता येईल. आत्ताच स्पर्धा परीक्षेचा क्लास लावू नका. धावणं आणि रोज पेपर वाचणं मात्र आजपासून सुरू होऊ दे. पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, आणि चंग प्रकरणात पथकप्रमुख म्हणून तिने काय केलं असतं, तेही त्यात लिहावं.