माणसाच्या गरजेसाठी एखादी प्राणिजात शिकार करून संपवणे नैतिक ठरू शकते का?

नाही. शिवाय गरजेपोटी जाती संपतात, हे प्रश्नातले गृहीतकच मला मान्य नाही.

हेलसिंकीच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात स्टेलरच्या समुद्रगाईचा, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका अवाढव्य सागरी सस्तन प्राण्याचा, सांगाडा आहे. सातपाटीला हयातभर मासेमारी केलेले माझे काका आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना तो मुद्दाम दाखवला. पुढच्या पायांना बोटांची हाडेच नाहीत, हे त्यांनी माझ्याआधी हेरले. मग मी त्यांना हकिगत सांगितली. 1741 मध्ये रशियन शोधमोहिमेचा प्रमुख बेरिंग याचे जहाज रशियाच्या अतिपूर्वेकडील कामचात्का द्वीपकल्पाच्या पूर्वेला एका निर्जन बेटावर अडकले आणि बेरिंग तिथेच वारला. स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) खंगलेल्या खलाशांना पुढच्या उन्हाळ्यात याच प्राण्याच्या मांसाने ताकद दिली, तेव्हा कुठे ते मोडक्या जहाजाच्या लाकडातून नवे जहाज बांधून परतले.

"मग चुकलं काय त्यांचं? पोटासाठीच मारलं ना?" काका म्हणाले.

त्यांचे काहीच चुकले नाही. जात संपवली ती त्यांच्यामागून सागरी पाणमांजरांच्या कातड्यांसाठी आलेल्या व्यापारी टोळ्यांनी. त्यांनी भाल्याने जखमी केलेली कित्येक जनावरे हाती न लागता समुद्रातच मेली. याकोव्लेव नावाच्या खाण-अभियंत्याने 1755 च्या सुमारास कामचात्काच्या अधिकाऱ्यांकडे या शिकारीवर बंदी मागितली, पण कोणी दाद दिली नाही. 1768 नंतर तो प्राणी उरला नाही. मारलेल्या मादीपाशी तिचा नर सलग दोन दिवस किनाऱ्यावर येत राहिला, असे बेरिंगच्या मोहिमेतला निसर्ग-अभ्यासक स्टेलर याने स्वतः नोंदवले आहे.

काकांशी माझा वाद जुना आहे. लहान आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात सरंग्याची बोटभर पिल्ले येत, ती मातीमोल भावाने जात, आणि मी विचारले की 'पोटाचा प्रश्न आहे' हेच उत्तर मिळे. ज्याचे पोट खरोखर सरंग्यावर आहे, त्यानेच पिल्लू आधी सोडले पाहिजे. कारण उद्या मासा संपला तर व्यापारी दुसऱ्या मालाकडे वळेल, नाखवा, म्हणजे होडीवाला कोळी, कुठे जाणार? मोठ्या आसाचे जाळे घेतल्याने दोन हंगाम कमाई घटेल, हे मला मान्य आहे, आणि तो तोटा एकट्या नाखवाने सोसावा असे माझे म्हणणे नाही.

एक सांगायचे राहिले. पाणमांजरे मारली गेल्याने त्यांचे भक्ष्य असलेली समुद्री साळिंदरे (सी अर्चिन हे काटेरी समुद्री जीव) माजली, त्यांनी केल्प हे मोठे समुद्री शेवाळ फस्त केले आणि समुद्रगाईचे ते खाद्य घटले, असेही काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तरी ती पाणमांजरेही कातड्याच्या व्यापारासाठीच मारली गेली होती.