वाचकांचे प्रश्न : रात्री कोळसाच, मग सौर फीडरने काय साधले?

प्रश्न : आमच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहिला आणि शेतीपंपांना दिवसा वीज मिळू लागली. यामुळे कार्बन उत्सर्जन घटले असे सांगितले जाते. पण संध्याकाळी सातनंतर घरातले दिवे कोळशाच्याच विजेवर लागतात. मग उत्सर्जन घटले ते नेमके कोठे? शिवाय धूर औष्णिक केंद्रातून निघतो, तो वीज विकणारी महावितरण कसा कमी करणार?
— एक शेतकरी वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेऊ. राज्य वीज मंडळाचे 2005 साली विभाजन झाले, तेव्हा निर्मिती महानिर्मितीकडे, पारेषण महापारेषणकडे आणि वितरण महावितरणकडे गेले. त्यामुळे धुराडे महावितरणचे नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र त्या धुराड्याखाली किती कोळसा जळावा, हे ग्राहकांची मागणी आणि वितरण कंपनीची खरेदी यांवरून ठरते. राज्य भार प्रेषण केंद्रात दर पंधरा मिनिटांचा हिशेब मांडला जातो आणि ज्या संचाचा इंधनखर्च कमी, त्याची वीज आधी घेतली जाते. सूर्यप्रकाशाला इंधनखर्चच नसल्याने सौर वीज रांगेत पुढे असते आणि ती आली की सर्वसाधारणपणे महाग कोळशाच्या संचाला निर्मिती उतरवण्याची सूचना जाते. धूर कमी होतो तो येथे, आपल्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर.

आता पंपाकडे वळू. पाच एचपीची मोटार आठ तास चालली की सुमारे 30 युनिट वीज लागते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका पाळीचे ओझे सुमारे 30 किलो होते. 2017 साली शेतीपंपांच्या फीडरला (वीजवाहिनीला) सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, त्यापूर्वी शेतीला आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळत असे. रात्री सूर्य नसल्याने त्या पाळीतल्या पंपांचा भार मुख्यतः औष्णिक केंद्रांवर पडे. घरातला दिवा सकाळी लावून भागत नाही, पण विहिरीतले पाणी दुपारी उपसले तरी पिकाचे काही बिघडत नाही. मागणी अशी सरकवता येणे ही शेतीपंपांची खरी किंमत आहे आणि माझ्या मते या योजनेचे यश नुसत्या पॅनेलांपेक्षा या सरकवण्यात अधिक आहे. (रात्री बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या धास्तीत दारे धरून पिकाला पाणी देणे थांबले, हा लाभ तर कोणत्याही कार्बनच्या हिशेबात धरला जात नाही.)

योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे 2024 मध्ये सुरू झाला, तो 3 मेगावॉटचा आहे. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॉटमागे वर्षाला सुमारे 16 लाख युनिट मिळतात. त्या हिशेबाने तेथे वर्षाला पावणेपाच हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचावा. तरीही अशा आकड्यांना थोडी कात्री लावूनच ते वाचावेत, कारण औष्णिक संच हवा तेव्हा विझवून संध्याकाळी पुन्हा पेटवता येत नाही. तो दुपारी क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास धुमसत ठेवावा लागतो आणि अशा कमी भारावर त्याला प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त लागतो. म्हणजे संध्याकाळबद्दलची आपली शंका रास्त आहे; बचत दुपारी होते, तीही कागदावर दिसते त्याहून थोडी कमी.

एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे गळती. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज आपल्या शिवारात पोहोचेपर्यंत तिचा काही भाग तारांत आणि रोहित्रांत उष्णतेच्या रूपाने वाया जातो; उपकेंद्राशेजारीच तयार झालेल्या विजेचा बराचसा प्रवास वाचतो. परंतु डीपीपासून (शिवारातल्या रोहित्रापासून) विहिरीपर्यंतची गळती आपल्याच हातात आहे. मोटारीला कपॅसिटर नसेल तर तेवढ्याच कामासाठी तारेतून जास्त प्रवाह वाहतो, तार तापते, आणि सर्वांनी ऑटोस्विच लावलेले असतील तर वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपीच जळतो. साधा कपॅसिटर बसवणे हेही उत्सर्जन घटवणेच आहे, मात्र त्याचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

प्रश्न : कोयनेची वीज स्वच्छ आहे, तर तीच जास्त का वापरत नाहीत?
— एक वाचक, कराड

उत्तर : कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट आहे, पण पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीसाठी वापरता येणारे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीपुरते (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादित केले आहे. हे पाणी दिवसभर सोडले तर वर्ष निघणार नाही. म्हणून मागणी एकदम चढते त्या वेळांसाठी ते राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. कोयनेहून वेगळ्या, घाटघरच्या 250 मेगावॉट उदंचन प्रकल्पात मात्र तेथले तेच पाणी खालच्या धरणातून पुन्हा वर चढवून परत वापरता येते. या चढ-उतारात सुमारे पाव वीज खर्ची पडते. पाणी चढवायला कोळशाची वीज वापरली तर उत्सर्जन उलट वाढते. दुपारची शिल्लक सौर वीज वापरली, तरच पहिल्या प्रश्नातली संध्याकाळ थोडीफार स्वच्छ होईल.