मेंथॉलचा गारवा आणि अंगातली उष्णता

मेंथॉल, म्हणजे पुदिन्यातला गारवा देणारा पदार्थ, नव्याने वापरायला सुरुवात करताय तर एक गोष्ट आधी पक्की करा: मेंथॉल अंग गार करत नाही, गार वाटायला लावतं. त्वचेतल्या मज्जातंतूंवर टीआरपीएम-८ नावाचं, थंडी ओळखणारं प्रथिन असतं. एरवी ते साधारण २५ अंशांखाली उतरलेल्या तापमानाला जागं होतं. मेंथॉल त्याला तापमान न उतरताच जागं करतं.

मग शरीर खऱ्या थंडीसारखंच वागायला लागतं. पाठ, पोट, मांड्या अशा मोठ्या भागावर चोळलं तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात आणि उष्णता बाहेर पडण्याऐवजी आत अडते. म्हणूनच ताप उतरवायला मेंथॉल लावू नका. उन्हात धावताना तर जास्तच जपा. अंग गार वाटतं म्हणून माणूस वेग वाढवतो, आणि आतलं तापमान चढतच असतं. तोंडात गारवा वाटावा म्हणून खेळाडू चूळ भरायला मेंथॉलचं ०.०१ टक्के द्रावण वापरतात, म्हणजे लिटरला फक्त ०.१ ग्रॅम. मेंथॉल पाण्यात नीट विरघळत नाही. स्फटिक थेट टाकले तर वर तरंगतात आणि एखाद्या घोटात जीभ भाजल्यासारखी होते.

मेंथॉलने चयापचय किंचित वाढू शकतो, पण थोडा वेळच. वजन उतरवायला त्याच्या भरवशावर राहू नका.

मलम लावलेल्या जागी घट्ट पट्टी किंवा शेकायची पिशवी अजिबात नको, त्वचा भाजते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर कधीच लावू नका, श्वास अडकू शकतो.