वाचक विचारतात : ग्रुप, निळी खूण आणि सातचा भोंगा

प्रश्न : आमच्या शाळेच्या १९७९ च्या दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सॲप ग्रुप मी पाच वर्षांपूर्वी सुरू केला. पहिले वर्षभर जुने फोटो, गुरुजींच्या आठवणी, कुणाच्या नातवाचे बारसे असे चालले होते. आता सकाळी उठल्यापासून राजकारण सुरू होते आणि जिवलग म्हणवणाऱ्या दोन मित्रांनी तर एकमेकांशी बोलणेच टाकले आहे. त्यात मुलगा सांगतो की उद्या कुणी काही आक्षेपार्ह टाकले, तर पोलीस आधी ॲडमिनला धरतील. ग्रुप बंद करून टाकावा का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी चिरंजीवांनी घातलेल्या भीतीविषयी. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात ग्रुपमधील एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी अश्लाघ्य मजकूर टाकला आणि त्याला काढून न टाकल्याबद्दल ॲडमिनवरही गुन्हा नोंदवण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ॲडमिनविरुद्धची ती कारवाई रद्द केली. ॲडमिनला सदस्य घेण्याचा किंवा काढण्याचा अधिकार असला, तरी कोण काय लिहिणार यावर आधीच नियंत्रण ठेवण्याची सोय त्याच्याजवळ नाही. त्यामुळे दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या लिखाणाचा दोष त्याच्यावर येत नाही, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. तेव्हा केवळ ॲडमिन आहात एवढ्यावरून झोप उडण्याचे कारण नाही.

परंतु या निर्णयानंतर एक गोष्ट बदलली आहे, आणि ती माझ्या मते महत्त्वाची आहे. २०२२ पासून ॲडमिनला इतरांनी टाकलेला संदेशही सर्वांसाठी पुसता येतो. कायदा या नव्या सोयीकडे कसे पाहील हा वेगळा विषय झाला. पण 'माझ्या हातात काही नव्हते' हे आपल्याला स्वतःशी पूर्वीइतक्या सहज म्हणता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा त्या काळात फोनाफोनांतून फिरत होत्या. त्यानंतर त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा कंपनीने घालण्यास सुरुवात केली आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. कंपनीने आपल्या परीने वेग कमी केला. पण आलेला मजकूर पुढे ढकलायचा की नाही, हे अखेर ज्याचा त्यालाच ठरवावे लागते.

आता भांडणाविषयी. आपल्या गावच्या पारावरही ही माणसे राजकारणावर बोलत होतीच, मग तेथे मैत्री कशी टिकली? माझा अंदाज असा की पारावर गप्प बसलेल्या माणसाचाही चेहरा दिसतो. कुणी कपाळाला आठी घालतो, कुणी चुळबुळ करून उठतो, कुणी 'चहा सांगा रे' म्हणून विषय मोडतो, आणि आवाज चढवणाऱ्याला आपण कितपत ताणले आहे याचा अदमास येतो. ग्रुपवर दोघे भांडतात आणि चाळीस जण गप्प असतात. त्या चाळिसांचे तोंडच दिसत नसल्याने ते आपल्याच बाजूचे आहेत असे दोघांनाही वाटत राहते. म्हणून माघार घ्यायला कुणी तयार होत नाही.

ग्रुप बंद करू नका. राजकारणासाठी दुसरा ग्रुप काढण्याचा सल्लाही कुणी देईल, तो मानू नका. तेथे उसळलेले भांडण संध्याकाळपर्यंत पहिल्या ग्रुपवर येते असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा सर्वांना एका रविवारी शाळेच्या आवारात बोलवा आणि तेथे, समोरासमोर, ग्रुपवर काय चालेल व काय चालणार नाही हे ठरवून तीन-चार ओळींत लिहून घ्या. त्या ओळी ग्रुपच्या वर्णनात टाका. त्यानंतर कुणाचा संदेश पुसावा लागला, तर तो सर्वांनी मिळून केलेल्या नियमाने पुसला जाईल, आपल्या मर्जीने नव्हे. अबोला धरलेल्या दोन मित्रांना मात्र ग्रुपवर काही लिहू नका. फोन करा, शक्य असल्यास घरी जा. आपण त्यांचे ॲडमिन अलीकडे झालात, वर्गमित्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहात.

प्रश्न : मी नोकरी करते. दुपारी डब्याच्या वेळी सगळे संदेश वाचून घेते आणि उत्तरे रात्री देते. त्यावरून सासरच्या मंडळींत नाराजी आहे : 'वाचलेले दिसते, पण उत्तर द्यायला सवड नाही.' निळ्या खुणा बंद केल्या, तर 'आता लपवाछपवीही सुरू झाली' असे ऐकावे लागले. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आंतर्देशीय पत्रांच्या काळात पोस्टमन पत्र टाकून निघून जात असे, ते कधी फोडले, किती वेळा वाचले, याची वर्दी तो पाठवणाऱ्याला देत नसे. पोचपावती लावायची ती कोर्टकचेरीच्या कामाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि 'जेवलीस का?' यालाही पोचपावती जोडली गेली. ही रीत आपल्या घराण्याची नाही, आपल्या सासूबाईंची तर नाहीच. एका कंपनीने ती आखली आणि आपण सर्वांनी ती मानापमानाचे माप म्हणून बिनतक्रार उचलली. खुणा बंद करून फारसा उपयोगही नाही, कारण ग्रुपमध्ये कोणी संदेश पाहिला हे पाठवणाऱ्याला तरीही पाहता येते. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना फोन करून 'मी दुपारी वाचते आणि रात्री निवांत उत्तर देते, तातडीचे असेल तर सरळ फोन करा' एवढे एकदा मोकळेपणाने सांगून टाका. बाकीच्यांना त्या सांगतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सचिवांनी वाहनतळाच्या जागांचे वाटप ग्रुपवर मतदान घेऊन ठरवले. माझ्या वडिलांचे वय ७८; सदनिका त्यांच्या नावावर आहे आणि त्यांच्याकडे साधा बटनांचा फोन आहे. त्यांना काही कळलेच नाही. विचारल्यावर 'बहुमताने ठरले' असे उत्तर मिळाले. हे योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : योग्य नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. सभेची लेखी सूचना आणि विषयपत्रिका सभासदांना आधी द्यावी लागते. वार्षिक सभेसाठी आदर्श उपविधींत पूर्ण १४ दिवसांची मुदत आहे. ठराव मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळते, विरोध असल्यास तोही इतिवृत्तात नोंदवला जातो. ग्रुपवरील मतदानात यातले काही घडत नाही. मत कोणी दिले हेही नीट सांगता येत नाही, कारण अशा ग्रुपमध्ये भाडेकरू असतात, एकाच सदनिकेतील नवरा-बायको आणि मुलगा असे तिघे असतात, आणि ज्यांच्या नावावर भाग-प्रमाणपत्र आहे ते आपल्या वडिलांसारखे गृहस्थ नेमके नसतात. आपल्या सचिवांनी कोणाची मते मोजली, सभासदांची की फोनांची?

टँकर किती वाजता येणार, उद्वाहक कधी दुरुस्त होणार, यासाठी ग्रुपसारखे साधन नाही, हेही खरे. तक्रार ग्रुपवर करू नका, तेथे ती दहा मिनिटांत शुभेच्छांखाली गाडली जाईल. वडिलांच्या सहीने सचिवांना पत्र द्या, विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याची मागणी करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. वडिलांना स्मार्टफोन घेऊन देण्याचा मोह सध्या आवरा. त्यांना तो हवा असेल तर अवश्य द्या. पण स्वतःच्या घराविषयीचा निर्णय कळावा म्हणून ७८ व्या वर्षी कुणाला नवा फोन शिकावा लागू नये.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. शाळेतून आल्यापासून हातात फोन असतो, यजमानांचेही तेच. ओरडले की घरात वाद होतो. सांगली जिल्ह्यात एका गावात संध्याकाळी भोंगा वाजवून फोन बंद करतात, असे ऐकले. शहरात असे काही जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ते गाव कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथील ग्रामसभेने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातील दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतील. तेवढ्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा बोलत बसावे. टाळेबंदीत शाळा फोनवर भरली, शाळा पुन्हा सुरू झाल्या तरी मुलांच्या हातातून फोन सुटेना, हे त्यामागचे कारण होते. सुरुवातीला काही पुरुषांनी थट्टा केली. महिलांनी मात्र हा विषय उचलून धरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली आणि दंडाचीही तरतूद केली. हेतू चांगला असला, तरी मला वडगावचा मार्ग अधिक पटतो. बान्सीत नियम मुलांपुरता आहे, वडगावात तो सरपंचांपासून शेंबड्या पोरापर्यंत सर्वांना सारखा आहे. शिवाय भोंगा सगळ्या गावाला एकाच वेळी ऐकू येतो. आपला मुलगा एकटा फोन ठेवतो तेव्हा त्याचे सगळे मित्र तिकडे खेळत असतात आणि आपणच तेवढे शिक्षा भोगतो आहोत असे त्याला वाटते. सगळ्यांचेच फोन बंद असतील तर चुकवण्यासारखे काही उरत नाही.

शहरात गावसभा नाही, पण मजला आहे, जिना आहे. मुलाच्या दोन-तीन मित्रांच्या आयांशी बोला आणि रोज एकच तास ठरवा. दीड तासाचा हट्ट नको, साडेआठचाच नेमही नको. अभ्यास ग्रुपवर येतो ही अडचण मुले पहिल्याच दिवशी पुढे करतील, आणि ती खोटी नसते. तेव्हा वर्गशिक्षकांना भेटून अभ्यास वहीत लिहून देण्याची विनंती आधीच करून ठेवा. त्या तासात फोन कुठे ठेवायचे याची जागाही नक्की करा, स्वयंपाकघरातील फडताळ चालेल, उशीखाली चालणार नाही.

यजमानांचा उल्लेख आपल्या पत्रात अर्ध्या ओळीत उरकला आहे. फडताळात पहिला फोन त्यांचा जाऊ द्या. चिरंजीवांशी त्यानंतर बोला.