खरसुंडीच्या यात्रेत घेतलेली कालवड अस्सल खिल्लार आहे का, हे डीएनएवरून कळेल का?

विदेशी रक्त मिसळलंय का, ते कळेल. पण विकणाऱ्यानं तुम्हाला दाखवलेला ए-टूचा दाखला त्या कामाचा नाही. ती दुधातल्या एका प्रथिनाची तपासणी आहे. कितीतरी जर्सी अन् होल्स्टीन गाईही ए-टू निघतात.

आमच्या आटपाडीकडच्या घरी आजीच्या गाईचा वेल अजून चालू आहे. मध्ये एकदा कृत्रिम रेतनाला आलेल्या माणसानं खिल्लारची म्हणून जर्सीच्या वीर्याची कांडी भरली. खिल्लारचं वासरू जन्मतं तेव्हा टाळूवर विटकरी केस असतात, दोन-तीन महिन्यांत ते जाऊन डोकं पांढरं होतं. त्या कांडीची कालवड मात्र अंगभर तांबूस, ती तशीच राहिली, वशिंड नावाला. वडिलांना फार लागलं ते. तरी त्यांनी तिला विकलं नाही, पुढं दर वेताला खिल्लार वळूच दाखवला. तिच्यात आठ आणे जर्सी, तिच्या लेकीत चार आणे, नातीत दोन आणे. ती नात आज दावणीला आहे, पांढरीशुभ्र, शिंगं मागं वळलेली. बघून कुणी ओळखत नाही.

तिचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला तरी जर्सी सापडणार नाही, कारण तो फक्त आईकडून येतो आणि जर्सी शिरली बापाकडून. वाय गुणसूत्र बापाकडचं सांगतं, पण ते खोंडातच असतं, आणि तेही एकाच ओळीचं. म्हणून सगळ्या गुणसूत्रांवरच्या हजारो खुणा एकदम वाचाव्या लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेनं 2021 मध्ये देशी गाईंसाठी आणलेली 'इंडिगऊ' चिप अशा 11,496 खुणा वाचते. अशा तपासण्यांना रक्त किंवा शेपटीच्या गोंड्याचे मुळासकट उपटलेले केस चालतात.

विदेशी रक्त यात स्वच्छ दिसतं, कारण आपली वशिंडाची आणि जर्सीसारखी बिनवशिंडाची गुरं माणसानं पाळायच्या लाखो वर्षं आधीच वेगळी झाली होती. आपली वशिंडाची गुरं माणसाळली सिंधूच्या खोऱ्याकडं, बलुचिस्तानात मेहरगढच्या आसपास, सुमारे 8,000 वर्षांपूर्वी. हल्लीकर की खिल्लार, म्हणजे दोन देशी जातींतली नेमकी कुठली, हे सांगणं मात्र अवघड. खिल्लारचं मूळच म्हैसूरकडच्या हल्लीकरात असल्याचं मानतात, त्यामुळं दोन्हींच्या खुणा बऱ्याच सारख्या.

कालवड माजावर आली की वळू स्वतः बघून भरवा. रेतनच करायचं तर कांडीवर छापलेली जात आणि वळूचा नंबर आधी वाचा, फोटो काढून ठेवा. आमच्या वडिलांनी त्या दिवशी कांडी हातात घेऊन बघितली नव्हती.