अनौपचारिक अर्थव्यवस्था: माणसे मोजावीत की पैसा?

ज्या व्यवहारांची नोंदच होत नाही त्यांचा आकार कसा मोजतात, आणि ‘सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३० टक्के’ अशा आकड्यांवर किती विसंबावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पैशाच्या अंदाजांपेक्षा माणसांची मोजणी कितीतरी अधिक भरवशाची असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पुढाकाराने १९९३ साली अनौपचारिक क्षेत्राची, म्हणजे प्रामुख्याने नोंदणी नसलेल्या छोट्या व्यवसायांची, व्याख्या ठरली. २००३ साली तिला अनौपचारिक रोजगाराची जोड मिळाली आणि मोठ्या कारखान्यात राबणारा, पण सामाजिक सुरक्षेपासून वंचित असलेला कामगारही मोजणीत आला. श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे रोजगाराच्या पाहणीत, कोण कुठे आणि कोणत्या अटींवर काम करतो हे प्रश्न घरोघरी थेट विचारता येतात. ते कराविषयी नसून कामाविषयी असल्याने उत्तरेही तुलनेने मोकळेपणाने मिळतात. अशाच सर्वेक्षणांच्या आधारे २०१८ साली या संघटनेने जगातील सुमारे २ अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, अनौपचारिक रोजगारात असल्याचे मांडले.

पैशातील अंदाज मात्र आडमार्गाने काढावे लागतात. लपवलेले व्यवहार रोखीत होतात असे मानून, नोटांची जी मागणी व्याजदर आणि उत्पन्न यांनी स्पष्ट होत नाही ती कर चुकवण्याशी जोडायची, ही अर्थतज्ज्ञ व्हितो तान्झी यांच्या नावाने ओळखली जाणारी चलन पद्धत. तिच्यात उघड आणि लपलेल्या अशा दोन्ही अर्थव्यवस्थांत पैसा सारख्याच वेगाने फिरतो असे सहसा गृहीत धरतात आणि हे गृहीतक बदलले की उत्तरही बदलते. शिवाय डॉलरच्या नोटा मोठ्या प्रमाणावर अमेरिकेबाहेरच असतात, त्यामुळे त्यांच्या मागणीवरून अमेरिकेतील लपवलेले व्यवहार नीट कळत नाहीत. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख श्नायडर यांनी रूढ केलेल्या सांख्यिकी प्रतिमानात कराचा भार, बेरोजगारी अशी कारणे आणि रोखीचा वापर यांसारखी लक्षणे जोडून एक निर्देशांक काढतात. हा निर्देशांक फक्त चढउतार दाखवतो. त्याची टक्केवारी करायला बाहेरून एखादा आधार-आकडा घ्यावा लागतो, आणि तो बहुधा चलन पद्धतीतूनच येतो, हे मला फार गंभीर वाटते.

याहून मोठा गैरसमज बेरजेचा आहे. ३० टक्के म्हणजे अधिकृत उत्पादनाबाहेर आणखी ३० टक्के, असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात अनेक देशांची सांख्यिकी कार्यालये सर्वेक्षणातून मिळालेल्या कामगारसंख्येला दर कामगारामागील मूल्यवर्धनाने (त्याने उत्पादनात घातलेल्या भरीने) गुणून अनौपचारिक उत्पादनाचा बराच भाग राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पादनाच्या अधिकृत हिशेबात, आधीच धरतात, त्यामुळे तो आकडा वर मिळवला तर तेच उत्पादन दोनदा मोजले जाते.